मधल्या घराची कडी

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज तुम्ही मला पाहायला आलात तर तुम्हाला एक टेबल दिसेल. आडवं, चार पायांचं, त्यातला एक पाय आखूड, आणि अंगभर चहाच्या कपांचे गोल डाग. माझ्याभोवती बसून मोठी माणसं बैठका घेतात, पेनं आपटतात आणि एकमेकांना "तसं नाही हो" म्हणत राहतात. पण मी जन्मानं दरवाजा आहे. उभं आयुष्य मी उभ्यानं मार खाण्यात घालवलं. म्हणून कोणी मला टेबल म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्मच मारझोडीत झाला. झाड होतो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही, कुऱ्हाडीचे घाव तेवढे आठवतात. मग मला करवतीनं चिरलं, रंध्यानं सोललं आणि एका सुतारानं माझ्या पाठीत हातभर लांबीच्या पट्ट्या ठोकून बसवल्या. सुतार माणूस वाईट नव्हता, ठोकताना शीळ घालायचा. एका गोदामात ओळीनं कोठ्या होत्या, समोर लांबलचक बोळ होता, आणि प्रत्येक कोठीला माझ्यासारखा एकेक दणकट दरवाजा हवा होता. आम्ही सगळे भाऊ एकाच दिवशी चौकटीत उभे राहिलो. आम्हाला कडी बसवली ती बाहेरच्या अंगाला. कोठीत पोती राहणार होती आणि पोत्यांना आतून कडी लावून घ्यायची गरज पडत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच कडीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले.

गोदामाच्या दिवसांत मी रोज लाथा खाल्ल्या. हमालांच्या पाठीवर पोतं असायचं, हात अडकलेले असायचे, मग ते मला पायानंच उघडायचे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकदा एका हमालाची बोटं माझ्या आणि चौकटीच्या मध्ये सापडली आणि चिरडली. तो बोटं फडक्यात गुंडाळून पुन्हा पोती उचलायला गेला, तेव्हा मुकादम माझ्यावर थाप मारून म्हणाला, "दार आहे की पहाड." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती नेमकी कशाबद्दल होती, हे मला अजून कळलेलं नाही.

थंडीच्या दिवसांत बोळात माणसं झोपायला येत. घर नसलेली, कुठून कुठून आलेली माणसं. पोत्यांना छप्पर होतं आणि यांना नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा. गोदामाचा पहारेकरी त्यांना काठीनं हाणायचा. एका म्हाताऱ्याला उठायला वेळ लागला, तर पहारेकऱ्यानं त्याची मान धरली आणि डोकं माझ्यावर आपटलं, एकदा नाही, तो गप्प होईपर्यंत. रक्त माझ्या फटींत उतरलं. पुढे माझ्यावर हिरवा रंग चढला, पण लाकडात मुरलेलं असं जात नाही. मला त्या पहारेकऱ्याचा आजही राग येतो.

नंतर गोदाम बंद पडलं. माझ्याकडे कोणी फिरकेना. वाळवीनं माझा खालचा कोपरा खाल्ला, कडी गंजून लाल झाली. आता इथंच कुजायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

आणि मग एके दिवशी बोळात तीन तऱ्हेची माणसं आली. नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब, एका सेवाभावी संस्थेच्या ताई आणि सरकारी इस्पितळातल्या वयस्कर सिस्टर. तिघांनी मिळून इथं एक घर काढायचं ठरवलं होतं. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला एकदम भाड्याचं घर मिळत नाही, मिळालं तरी टिकत नाही. म्हणून मध्ये काही महिने एक खोली, जेवण, औषध आणि काम शोधायला मदत. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला मधलं घर म्हणू लागले. रस्ता आणि स्वतःचं घर यांच्या मधलं.

कामं वाटून घेतली होती. इमारत, दारं आणि दिवसाचा पहारा पालिकेचा. खाटा, स्वयंपाक आणि संध्याकाळनंतरचा पहारा संस्थेचा. औषधं आणि रोजच्या फेऱ्या इस्पितळाच्या. तिघंही मनापासून राबली, खोटं कशाला बोलू. कोठ्यांना खिडक्या पाडल्या, भिंतींना पांढरा रंग दिला, मला तेलपाणी झालं. फक्त माझ्या कडीकडे कोणी पाहिलं नाही. साहेबांना वाटलं कुलूप-कडी ही राहणाऱ्यांची सोय, म्हणजे संस्था बघेल. ताईंना वाटलं दार पालिकेचं, म्हणजे कडीही पालिकेची. माणसं राहायला आली आणि आम्ही सगळे भाऊ तसेच, बाहेरच्या अंगाला कडी असलेले.

माझ्या खोलीत आली ती टाकीवाली. पुलाशेजारच्या पाण्याच्या टाकीखाली ती बरीच वर्षं राहिली होती, म्हणून तिला हे नाव. वयानं चाळिशीची, अंगानं काटकुळी, आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. त्या पट्ट्यांची गोष्ट सांगतो. पुलाखाली एक माणूस स्वतःला मालक म्हणवून घ्यायचा. कोणी कुठे झोपायचं हे तो ठरवायचा आणि ऐकलं नाही त्याला सायकलच्या साखळीनं फोडून काढायचा. एका आजोबांनी जागा सोडायला नकार दिला. मालकानं ते झोपलेले असताना अंथरुणावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. टाकीवाली धावली आणि जळतं अंथरूण नुसत्या हातांनी ओढत राहिली. आजोबा वाचले नाहीत. इस्पितळात पोलिसांनी विचारलं, हे कोणी पाहिलं? पुलाखालचे सगळे खाली मान घालून बसले. ती म्हणाली, "मी पाहिलं." मालक फरार झाला आणि त्यानं निरोप धाडला, कोर्टात उभी राहायच्या आत तुझा निकाल लावतो.

खोलीत पाऊल टाकल्यावर तिनं खाट पाहिली नाही, खिडकी पाहिली नाही. माझ्या आतल्या अंगावरून पट्टी बांधलेला हात वरपासून खालपर्यंत फिरवला आणि विचारलं, "ताई, आतून कडी कुठाय?"

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे कसं सुटलं आमच्या नजरेतून?"

त्याच आठवड्यात बोळातच त्यांची जुंपली. ताई म्हणाल्या, कडी आत हवी. सिस्टर म्हणाल्या, मुळीच नको. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. "दुसऱ्या निवाऱ्यात आतून कडी होती," त्या म्हणाल्या. "एका तरुण मुलानं कडी लावून घेतली आणि जीव दिला. दार फोडून आत गेलो तेव्हा अंग अजून ऊन होतं. मला परत तसं दार फोडायचं नाही." साहेबांनी हात वर केले, "तुमचं दोघींचं एकमत झालं की सांगा, सुतार पाठवतो." एकमत काही होईना. तोवर कडी बाहेरच राहिली, म्हणजे ज्यात तिघांपैकी एकाचंही समाधान नव्हतं तेच कायम झालं.

टाकीवाली खाटेवर झोपलीच नाही, मित्रांनो. रोज रात्री ती फरशीवर बसायची आणि माझ्यावर पाठ टेकायची. मी आत उघडणारा दरवाजा, त्यामुळे कोणी ढकललं तर आधी तिच्या पाठीला कळणार. बोळात पावलं वाजली की तिची पाठ दगडासारखी व्हायची. तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. गोदामात असताना माझ्यावर लाथा बसल्या, डोकी आपटली, पण विश्वासानं पाठ अशी कोणी टेकली नव्हती. मला फार लाज वाटायची. मला कोणीही उघडू शकत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

मग तिनं जेवणाचा चमचा उचलला. चमच्याचं मागचं टोक फरशीवर घासून चपटं केलं आणि दुपारी, सगळे कामाला गेले की, माझे गंजलेले स्क्रू फिरवू लागली. पट्ट्यांतून पाणी यायचं, ती दात-ओठ खाऊन पुन्हा फिरवायची. स्क्रू निघताना मला दुखलं, पण मी कुरकुर केली नाही. तिनं कडी आतल्या अंगाला आणली, चौकटीवरचा कोयंडा आत आणला, खिळ्यानं भोकं पाडली आणि सगळं बसवलं. चमचा संस्थेचा, कडी पालिकेची आणि हातांवरचं मलम इस्पितळाचं. तिन्ही खात्यांचा पहिला खरा सहकार माझ्या अंगावर झाला, आणि तो तिघांनाही न विचारता. त्या रात्री ती कडी लावून थेट खाटेवर जाऊन बसली. आडवी झाली नाही, पण बसली.

सकाळी सिस्टरनी नेहमीप्रमाणे मला ढकललं आणि मी हललो नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही मुठींनी त्या मला बडवू लागल्या, हाका मारू लागल्या, आवाज फाटला त्यांचा. टाकीवालीनं कडी काढली, तर सिस्टरनी आधी तिचे दोन्ही खांदे चाचपले.

"मेले असते मी आज," त्या म्हणाल्या.

"मी रोज मरते," टाकीवाली म्हणाली. "तुम्ही सकाळी एकदा येता, सिस्टर. बाकी दिवस मीच असते इथं."

सिस्टरनी ही गोष्ट लपवली नाही. तिघांची बैठक झाली. दाराची मोडतोड केली तर खोली सोडावी लागेल, हा नियम तिघांनी मिळूनच केला होता. आता तो टाकीवालीवर आला. ताईंनी हातापाया पडून एवढंच मिळवलं, की सुतार येऊन कडी पुन्हा बाहेर लावेल आणि तिनं मुकाट्यानं लावू दिली तर खोली राहील. नाहीतर पुन्हा रस्ता, आणि रस्त्यावर मालक. हे तिला सांगायला सिस्टर त्याच दिवशी दिवेलागणीला आल्या, हातात पट्ट्यांचा ट्रे घेऊन.

आता दिवेलागणीची एक गंमत होती, आणि ती गंमत पुढे जिवावर बेतली. पालिकेचा पहारेकरी दिवे लागले की घरी जायचा. संस्थेचा पहारेकरी हाच तिचा स्वयंपाकी होता, तो जेवणाचे डबे हातगाडीवर लादून मग यायचा. मधल्या वेळात फाटकाला नुसता आगळ असायचा. पालिकेला वाटे संस्थेचा माणूस आला असेल, संस्थेला वाटे पालिकेचा अजून असेल. मालकानं समोरच्या फुटपाथवर बसून हे हेरलं होतं.

तो आत आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. कामावरून परतलेली माणसं आपापल्या खोल्यांत टेकली होती. मालक चोरपावलांनी बोळातून निघाला आणि जाता जाता एकेका दाराची बाहेरची कडी लावत आला. माझे सगळे भाऊ एका झटक्यात त्याचे झाले. आतल्या माणसांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. सगळ्या बोळात फक्त माझ्या बाहेरच्या अंगाला कडी नव्हती, नुसती चार भोकं होती.

समोरून सिस्टर येत होत्या. "टाकीवाली कुठल्या खोलीत?" त्यानं विचारलं.

"इथं अशी कोणी नाही," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं पहार फिरवली. ट्रे उडाला, बाटल्या फुटल्या आणि सिस्टरचं मनगट कडकन मोडलं, तो आवाज मी ऐकला. त्या पळाल्या त्या माझ्याकडेच. एका हातानं मला बडवत म्हणाल्या, "उघड गं. मी आहे. तो आलाय."

आत टाकीवाली माझ्यावर पाठ लावून उभी होती. तिची पाठ दगड झाली होती. बाहेर होती ती उद्या तिची कडी काढणारी बाई, आणि तिच्या मागे होता मालक. कडी काढली तर दोघंही आत येणार होते. मी तिला दोष दिला नसता, मित्रांनो, देवाशप्पथ नसता दिला. तिनं कडी काढली. सिस्टरचा पदर धरून त्यांना आत खेचलं आणि मला असं काही लोटलं, की मालकाची बोटं माझ्यात सापडली. तो ओरडला. त्या हमालाच्या वेळी मला वाईट वाटलं होतं. या वेळी वाटलं नाही. त्यानं बोटं सोडवून घेतली आणि तिनं आतून कडी लावली.

पहिला घाव माझ्या छाताडावर बसला. दुसरा, तिसरा तिथंच. गोदामवाल्यानं चोरांसाठी म्हणून जाड फळ्या घालून घेतल्या होत्या, त्या आज कामी येत होत्या. पण चमच्यानं बसवलेले स्क्रू ते, किती तग धरणार? एक उपटून आला, मग दुसरा. दोघी माझ्यावर पाठ लावून बसल्या, पाय खाटेला लावले, खाट भिंतीला लागली. बोळभर बंद दारांवर आतून मुठी, लाथा, डबे आपटत होते. मग माझी मधली फळी फुटली आणि पहारीचं टोक आरपार जाऊन टाकीवालीच्या खांद्यात घुसलं. ती किंचाळली नाही, जागची हललीही नाही. तिचं ऊन रक्त माझ्या फटींत उतरू लागलं. "हलू नका, सिस्टर," ती म्हणाली, "हललात तर कडी जाईल."

तेवढ्यात डब्यांची हातगाडी फाटकातून आत आली. स्वयंपाकी पहारेकरी म्हणून अगदीच कच्चा होता, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर ठेवलं त्यानं. एकटा अंगावर न जाता त्यानं पहिल्या दाराची कडी काढली, मग दुसऱ्या. माणसं बाहेर धावली. मालक वळला तेव्हा हातगाडीवरची चहाची उकळती किटली त्याच्या तोंडावर आली. पहार खाली पडली आणि मग जे झालं ते बघवत नव्हतं. वर्षानुवर्षं काठ्या खाल्लेली माणसं होती ती. त्यांनी त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवला, त्याचं डोकं धरून माझ्यावर आपटलं, एकदा, दोनदा. मला तो गोदामातला म्हातारा आठवला. वाटलं, आपटा अजून. आणि मग वाटलं, माझ्यावर का? माझ्यावरच का नेहमी?

मी उघडलो. टाकीवाली खांदा दाबून चौकटीत उभी होती, लुगडं लाल झालेलं. "पुरे," ती म्हणाली. "मेला तर मी कोर्टात बोट कोणाकडे दाखवू?"

माणसं थांबली. एकदम नाही, पण थांबली.

तिनं कोर्टात बोट दाखवलं. मालक जन्मठेपेला गेला. मी मात्र दरवाजा म्हणून संपलो होतो, मधून फुटलेला, बिजागरीतून निखळलेला. आम्हा सगळ्या भावांच्या बाहेरच्या कड्या काढायला सुतार आला, तेव्हा मला बघून म्हणाला, "हे जळणात टाका." सिस्टरनी प्लास्टरमधला हात माझ्यावर ठेवला. "याचं टेबल करा," त्या म्हणाल्या, "आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवा. भोकं बुजवू नका."

म्हणून मी असा आडवा आहे. एका अंगाला चार जुनी भोकं आहेत, उलट्या अंगाला खिळ्यानं पाडलेली चार, आणि मधून जरा डावीकडे पहारीचं. साहेबांचं पेन त्यात नेहमी पडतं.

मध्यंतरी दुसऱ्या मधल्या घराची बैठक होती. टाकीवालीला आता स्वतःची भाड्याची खोली आहे, ती एका धुलाई दुकानात काम करते. त्या दिवशी तिलाही बोलावलं होतं. कडीचा विषय निघाला आणि तिघंही एकमेकांकडे बघू लागले. पुन्हा जुंपणार असं मला वाटलं.

"कडी आतच हवी," टाकीवाली म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण बाहेरून उघडायची एक किल्ली सिस्टरपाशी असू दे. त्यांनी आधी हाक मारायची, थांबायचं, मगच लावायची. तो पोरगा गेला तसं कोणी जायला नको."

"माझ्यापाशी?" सिस्टर म्हणाल्या. "मी तर तुझी काढायला निघाले होते."

"म्हणून काय झालं? मी तुम्हाला उघडलंच ना."

साहेबांनी लिहून घेतलं. मग फरशीचा विषय निघाला, मग नळांचा, मग मुताऱ्यांचा, आणि या विषयांवर मोठी माणसं किती बोलू शकतात हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. बोलता बोलता ताईंचं लक्ष गेलं. टाकीवालीनं माझ्यावर डोकं टेकलं होतं. तिचा गाल पहारीच्या भोकाशेजारी होता आणि तिला गाढ झोप लागली होती. बैठकीच्या खोलीचं दार तिच्या पाठीमागे सताड उघडं होतं. बोळातून माणसं येत-जात होती, पावलं वाजत होती, आणि तिची पाठ सैल होती.

आवाजानं ती जागी होईल म्हणून साहेब ते दार लावायला उठले. सिस्टरनी त्यांचा हात धरला. "राहू दे उघडं," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, मी मार खाऊन म्हातारा झालो, मला शहाणपण सांगता येत नाही. एवढंच मागतो. कोणाला निवारा द्याल तेव्हा आत जाऊन, दार लावून, एकदा त्या फरशीवर बसून बघा. कडी कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला तिथूनच दिसेल. आणि झोपलेल्या माणसाला, तो कुठेही झोपला असला तरी, लाथ मारून उठवू नका.

माझा एक पाय आखूड आहे, मी सारखा डुगडुगतो. त्या दुपारी ती उठेपर्यंत मी अजिबात डुगडुगलो नाही.